पेज व्ह्यूचा काउंटर मध्यरात्री शून्य होत नसेल तर

वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांतून पाहिली जाणारी बाजारभावांची संकेतस्थळे मी सांभाळतो. ‘आजचे वाचक’ हा आकडा वेळेवर शून्य झाला नाही की प्लगइन बदला, असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये, कारण दोष बहुधा वेळेच्या हिशेबात असतो.

डेटाबेसमधल्या काउंटरच्या टेबलचा बॅकअप घेऊन आकडा शून्य करणारी स्क्रिप्ट एकदा हाताने चालवा. आकडा शून्य झाला तर स्क्रिप्ट ठीक आहे. हाताने चालते आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सर्व्हरच्या सोयीतून) चालत नाही, तर फाइलींचे पूर्ण पाथ, म्हणजे पूर्ण पत्ते, लिहा.

माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो पुढच्या टप्प्याने. बहुतेक सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे क्रॉनमध्ये 0 0 * * * (मिनिट शून्य, तास शून्य, रोज) लिहिले की काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. हंगामात हिंगणघाटला कापूस न्यायचा की थांबायचे, हे ठरवण्यासाठी शेतकरी पहाटे चारपासूनच भाव उघडतात. त्यांची सगळी नोंद अशा वेळी पुसली जाते.

यावर 30 18 * * * लिहा, म्हणजे यूटीसीच्या 18:30 ला, आपल्या मध्यरात्री, काम होईल, एवढेच सांगून लोक थांबतात. रोजच्या काउंटरला ते चालेल, मासिक काउंटरला चालणार नाही. आपली एक तारीख सुरू होते तेव्हा सर्व्हरवर मागच्या महिन्याचा शेवटचा दिवस असतो, आणि साध्या क्रॉनच्या पाच रकान्यांत ‘शेवटचा दिवस’ लिहिण्याची सोय नाही. 28 ते 31 असे लिहिणे तर घातकच, कारण एकाच महिन्यात काउंटर अनेकदा शून्य होतो. शिवाय 18:30 ला सर्व्हर बंद असेल, तर हुकलेले काम क्रॉन नंतर भरून काढत नाही.

म्हणून तारीख ठरवण्याचे काम क्रॉनकडे ठेवूच नका. 30 * * * * लिहून स्क्रिप्ट दर तासाला चालवा. स्क्रिप्टने ‘एशिया/कोलकाता’ या टाइमझोनची तारीख काढावी, शेवटच्या रीसेटच्या तारखेशी ताडून पाहावी आणि दिवस बदलला असेल तरच जुना आकडा साठवून काउंटर शून्य करावा. मासिक काउंटरसाठी याच रीतीने महिना ताडावा.

संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर असेल, तर तिचे स्वतःचे क्रॉन कोणी पान उघडल्याशिवाय चालत नाही, आणि गावाकडच्या संकेतस्थळावर रात्री कोणी फिरकत नाही. ते कॉन्फिग फाइलमध्ये बंद करून त्याची फाइल सर्व्हरच्या क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी चालवा.

टेबलमध्ये शून्य आणि पानावर जुना आकडा दिसला, तर कॅशे, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली जुनी प्रत, रिकामा करा.

प्रत्येक वेळी स्क्रिप्टने लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) एक ओळ लिहावी. रोज 18:30 च्या ओळीत ‘शून्य केले’ आणि उरलेल्या तेवीस ओळींत ‘दिवस तोच’ असे दिसले की काम बसले.