ईजीएफ दिल्यावर पेशीची कड हलताना पाहायची असेल तर

रोज ठाण्याहून पनवेल लोकल पकडून मी खारघरच्या लॅबमध्ये येते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेली मुलं पहिल्या आठवड्यातच म्हणतात, "ताई, स्लाइडवर काही दिसतच नाहीये." त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ईजीएफ म्हणजे पेशीला वाढायचा निरोप देणारं प्रथिन, एक ग्रोथ फॅक्टर. ए-431 पेशी (माणसाच्या कर्करोगाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या) घ्या. एकेका पेशीवर ईजीएफचे दहा लाखांहून जास्त रिसेप्टर, म्हणजे तो निरोप झेलणारी प्रथिनं, असतात, त्यामुळे प्रतिसाद ठळक मिळतो. कव्हरस्लिप खचाखच भरू देऊ नका, मोकळी कड हवी; सगळा खेळ तिथेच आहे. आदल्या संध्याकाळी सिरम काढून टाका. त्यात ग्रोथ फॅक्टर असतातच, मग तुमच्या ईजीएफने काय केलं ते कळणार कसं?

सकाळी दर मिलिलिटरला 100 नॅनोग्रॅम ईजीएफ, 37 अंशांच्या मीडियातच. मी पहिल्या वर्षी फ्रिजमधला मीडिया थेट ओतला आणि आठवडाभर सपाट कडा बघत बसले. रडूच आलं होतं. गारठ्यात मायक्रोट्यूब्यूल (पेशीच्या सांगाड्यातल्या नळ्या) विरघळतात, ॲक्टिनची, म्हणजे सांगाड्यातल्या बारीक धाग्यांची, जुळणीही मंदावते. सांगाडाच गोठला तर रिसेप्टरचा निरोप कडेपर्यंत पोचून उपयोग काय? एसीच्या खोलीत प्लेट गरम ब्लॉकवरच ठेवा.

ईजीएफ दिल्यानंतर पेशी फिक्स करायच्या वेळा 0, 2, 5, 15 आणि 60 मिनिटं. दोन ते पाच मिनिटांत कडेला साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या उठतात, पुढे ओसरतात. रॅक नावाचं प्रथिन ॲक्टिनला तिथे जुळायला लावतं. उंदराच्या 3टी3 पेशींमध्ये रॅकचं हे काम 1992 साली दाखवलं गेलं. उशिराच्या वेळा रिसेप्टरसाठी ठेवा: तो आत ओढला जातो आणि डायनिन या ओझं वाहणाऱ्या प्रथिनाच्या पाठीवर, मायक्रोट्यूब्यूलच्या वाटेने केंद्रकाकडे निघतो. त्याला वेगळी अँटिबॉडी लागते.

फिक्स करायला, म्हणजे पेशी आहे तशी थिजवायला, कोमट 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, 15 मिनिटं. मिथेनॉल नको, त्याने ॲक्टिनचा आकार बिघडतो आणि फॅलॉइडिन (ॲक्टिनला धरून चमकणारा रंग) चिकटत नाही. मग पेशीच्या आवरणाला भोकं पाडायला 0.1 टक्का ट्रायटन पाच मिनिटं, फॅलॉइडिन अंधारात अर्धा तास. ते विषारी अळंबीतून येतं, ग्लोव्हज घालाच.

एक कव्हरस्लिप सायटोकॅलेसिन डी देऊन ठेवा, म्हणजे ॲक्टिनची जुळणी थांबेल. तिथे ईजीएफ घालूनही निऱ्या पडल्या नाहीत, तरच बाकीच्या स्लाइडवरच्या निऱ्या ॲक्टिनच्या म्हणता येतील. मायक्रोस्कोपवर मात्र पहिली 0 मिनिटांची स्लाइड लावा आणि तिच्या दहा तरी पेशी शांतपणे पाहा. पाच मिनिटांची नंतर.