मणक्याची दुखापत टाळण्यासाठी घ्यायची काळजी

पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला गंभीर इजा झाली, तर ती बहुधा पूर्णपणे भरून येत नाही. म्हणून येथे उपचारांपेक्षा प्रतिबंधाला अधिक महत्त्व आहे. वाहन अपघात आणि पडणे ही अशा दुखापतींची प्रमुख कारणे आहेत.

मागच्या आसनावर बसतानाही सीटबेल्ट लावावा आणि त्याचा खालचा पट्टा पोटावरून न नेता कमरेच्या हाडांवर घट्ट बसेल, असा ठेवावा. हेडरेस्ट केवळ आरामासाठी असतो असे अनेकांना वाटते, परंतु मागून धडक बसल्यास मानेला बसणारा झटका तोच कमी करतो. त्यामुळे त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणावी.

घरात उंचावरील वस्तू काढण्यासाठी खुर्चीवर न चढता भक्कम शिडी वापरावी. भिंतीला टेकवलेली शिडी 4 मीटर उंचीवर टेकत असेल, तर तिचा पाया भिंतीपासून सुमारे 1 मीटर दूर असावा. जिन्यात पुरेसा उजेड आणि न्हाणीघरात धरायला दांडा असावा, विशेषतः घरात वृद्ध असतील तर.

खोली ठाऊक नसलेल्या पाण्यात कधीही डोके पुढे करून सूर मारू नये. उथळ तळावर डोके आपटून मानेचा मणका मोडतो आणि धडधाकट तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडू शकतात, हे मुलांना आवर्जून सांगावे.

अपघातग्रस्ताच्या मणक्याला इजा झाल्याची शंका असल्यास, आगीसारखा तातडीचा धोका नसेल तर त्याला हलवू नये. डोके व मान स्थिर धरून रुग्णवाहिका बोलवावी.