दिवाळीला लावा, शिवरात्रीला काढा: परसातला बटाटा

बटाटा हे मराठवाड्याचं पीक म्हणता येणार नाही. आपल्या आठवडी बाजारात येतो तो बहुतेक उत्तरेतल्या शीतगृहातून निघालेला. एकरांनी लावा, असा सल्ला कोणाला द्यायचा नाही. पण परसात दहा बाय दहा फुटांचा वाफा आणि आठवड्याला एक पाणी द्यायची सोय असेल, तर नीट जमलं की 10 ते 15 किलो बटाटा घरचा होतो. अडचण खरी पुढे असते. काढणी होते फेब्रुवारीत आणि मार्चच्या शेवटी पत्रा तापायला लागतो. तो बटाटा टिकणार की सडणार, याचा निकाल बराचसा तो जमिनीत असतानाच लागतो. म्हणून साठवणीचा विचार लागवडीपासूनच करायचा.

वेळ आधी बघू. बटाट्याला दिवसाचं ऊन चालतं, रात्र मात्र गार लागते. रात्रीचं तापमान 15 ते 20 अंशांच्या दरम्यान असलं की कंद चांगले पोसतात. रात्री उबदार राहिल्या की वर पाला माजतो आणि खाली नुसत्या गोट्या निघतात. परभणी-हिंगोलीकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गार होतात, तेच आपल्या बटाट्याचे पोसायचे दिवस. त्या हिशेबाने ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य ही लागवडीची वेळ. दिवाळी लवकर आली आणि ऑक्टोबरचा उकाडा हटला नसेल तर आठ दिवस थांबा, बेणं तापल्या मातीत कुजतं. डिसेंबरात लावणाऱ्यांची मात्र कीव येते, त्यांचा बटाटा पोसायच्या वेळेला ऊन सुरू झालेलं असतं.

जात निवडायला फार वाव नसतो, मिळेल ते घ्यावं लागतं. मिळत असेल तर कुफरी लवकर किंवा कुफरी चंद्रमुखी, कमी दिवसांत येतात. कुफरी सूर्या उष्णता जास्त सोसते, आपल्याकडे तीच पहिली मागावी. कुफरी पुखराज भरघोस येते. प्रमाणित बेणं सहसा 50 किलोच्या पोत्यात येतं आणि एका वाफ्याला जेमतेम 3 किलो लागतं. गल्लीतल्या किंवा बचत गटातल्या दहा-पंधरा घरांनी मिळून पोतं घेतलं तरच परवडतं. तेही जमलं नाही तर बाजारातला बटाटा लावू नये असं नाही, फक्त रोग कोणता आला ते नंतर कळतं. घेताना अंड्याएवढे, कडक, डोळे फुगलेले निवडा. सुरकुतलेला किंवा खाली काळा डाग असलेला बाजूला काढा.

शीतगृहातून आलेलं बेणं लगेच मातीत घालू नका. सावलीत, उजेड असलेल्या जागी एका थरात आठ-दहा दिवस पसरा. कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे निघाले की बेणं तयार झालं. अंधारात पोत्यात राहिलेल्या बटाट्याला पांढरे लांब कोंब येतात आणि लावताना ते मोडतात. मोठा बटाटा कापायचा असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे राहू द्या, फोड 40 ग्रॅमच्या आत नको. लिटरभर पाण्यात अडीच ते तीन ग्रॅम मॅन्कोझेब घालून त्यात फोडी दहा मिनिटं बुडवा आणि काप सावलीत सुकवूनच लावा. हातमोजे घाला, हे सांगूनही कोणी घालत नाही, तरी सांगतो.

आता जमीन. आपली काळी भारी माती हाच इथला मोठा प्रश्न. ओली असताना घट्ट बसते, सुकली की भेगा पडतात. वाफ्यात तीन-चार घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्च्या शेणखताने कंदावर खरबरीत खपल्या धरतात. चुलीची राखही टाकू नका. कोकणातल्या आंबट मातीला ती उपकारक असेल, पण आपली माती आधीच चुनखडीची आणि राखेने खपल्यांना आणखी जोर येतो. गेल्या हंगामात जिथे वांगी, टोमॅटो किंवा मिरची होती तिथे बटाटा नको, सगळी एकाच कुळातली आणि रोगही एकमेकांना देतात. रासायनिक खत वापरणार असाल तर लावताना 10:26:26 हे 400 ग्रॅम आणि महिन्याने भर लावताना शंभर ग्रॅम युरिया, शंभर चौरस फुटांना एवढं पुरे.

दोन ओळींत दीड फूट आणि दोन बेण्यांत वीतभर अंतर ठेवा. बेणं दोन-तीन इंच खोल ठेवून वर वरंबा करा. पाणी सरीतून द्या, वरंब्याचा माथा भिजून बसायला नको. आठ-दहा दिवसांनी हलकं पाणी, वाफसा मोडू न देता. कंद लागायला सुरुवात होते साधारण महिन्याने, आणि तेव्हापासून पुढचे चार आठवडे पाण्याचा ताण अजिबात चालत नाही. लातूर-धाराशिवकडे येळवस (मार्गशीर्ष अमावास्या) येते तोवर बुडाशी बोटाने माती सारली तर सुपारीएवढे बटाटे दिसायला हवेत.

भर लावणं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रोप वीतभर झालं की एकदा आणि परत पंधरा दिवसांनी, दोन्ही बाजूंची माती खोडाला ओढा. उघडा पडलेला कंद उन्हाने हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन तयार होतं. ते विषारी असतं, शिजवूनही जात नाही, म्हणून हिरवा भाग खाऊ नये. पण यापेक्षा मोठा धोका पतंगाचा. बटाट्यावरचा छोटा करडा पतंग भेगांतून आत शिरतो, कंदाच्या डोळ्यापाशी अंडी घालतो आणि अळी आत पोखरत जाते. जमिनीत असताना काही कळत नाही. घरात आणून ठेवल्यावर डोळ्याशी काळसर भुशासारखी विष्ठा दिसली, की समजायचं आपण तो घरातच आणला. आठवड्यातून एकदा वरंब्यावरून नजर फिरवा, भेग दिसली की खुरप्याने माती लोटून बुजवा. सोयाबीनचं भुस्कट पसरून ठेवलं तर भेगाच कमी पडतात आणि पाणीही वाचतं.

करप्याबद्दल थोडक्यात. ढगाळ, दमट हवा आली आणि पानांवर पाण्यात भिजल्यासारखे काळे चट्टे दिसले, तर अडीच ग्रॅम मॅन्कोझेब लिटरला घालून फवारा. मावा दिसला तर निंबोळी अर्क. फवारणीनंतर थांबायचे दिवस डब्यावर लिहिलेले असतात, ते वाचा.

पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडा. लवकर येणाऱ्या जातींत हे 75 ते 90 दिवसांत होतं. मग पाला जमिनीलगत कापून टाका आणि दहा-बारा दिवस कंद मातीतच राहू द्या, साल पक्की व्हायला तेवढा वेळ लागतो. एक बटाटा काढून अंगठ्याने जोरात घासा. साल सरकली तर अजून वेळ आहे, नाही सरकली तर काढा. कोवळ्या सालीचा बटाटा आठ दिवसांत सुकतो, मग साठवणीचं काही ठरवायला उरत नाही. पाणी तोडल्यावर भेगा पडतात, तेव्हा या दहा दिवसांत बुजवायला विसरू नका.

सकाळी काढा आणि ऊन चढायच्या आत सावलीत आणा. धुऊ नका, माती हाताने झाडा. कुदळ लागलेले, पोखरलेले, हिरवट हे वेगळे करा, कापलेले आधी भाजीला. बाकीचे दहा-पंधरा दिवस सावलीत गोणपाटाखाली वाळू द्या, खरचटलेल्या जागा भरून येतात. त्यानंतर साठवण.

माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर असेल तर नशीब समजा, आतल्या अंधाऱ्या खोलीत जमिनीवर दोन बोटं कोरडी वाळू पसरून बटाटे ठेवा, ढीग फूटभरापेक्षा उंच नको. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. चाळिशीच्या उन्हाळ्यात आत कोंडलेल्या बटाट्याचा गाभा काळा पडतो, बाहेरून काही दिसत नाही. थरांमध्ये वाळवलेली टणटणीची पानं घाला, त्यांनी पतंग दूर राहतो. कांदा शेजारी नको, दोघांनाही ते मानवत नाही. आठवड्याला एकदा हात फिरवून सडका बाहेर काढा. पुणे जिल्ह्यात खेड-मंचरकडे झाडाच्या सावलीत पाचटाखाली बटाट्याची आरण, म्हणजे झाकलेला ढीग, लावतात, पण तिथला उन्हाळा आणि आपला एप्रिल यात फरक आहे, तेवढे दिवस टिकण्याची आशा धरू नये. फ्रिजमध्ये ठेवलं तर सडत नाही, पण थंडीत स्टार्चची साखर होते आणि तळताना काप करपतात.

म्हणून मार्चअखेर जे उरेल त्याचं वाळवण करा, उन्हाळ्यात माळवद आणि ऊन दोन्ही मोकळं असतं. 5 ते 6 किलो बटाट्यांचे साधारण किलोभर वेफर्स होतात. काप तुरटीच्या पाण्यात ठेवून, अर्धवट उकडून, सुती कपड्यावर कडक वाळवा. किसाचंही तसंच. बेण्यासाठी मात्र काही राखून ठेवू नका. ऑक्टोबरपर्यंत घरात टिकलेला बटाटा सुरकुतून कोंबाने पोकळ झालेला असतो आणि विषाणूही घेऊन येतो. महालक्ष्म्यांच्या सुमारास शेजाऱ्यांशी बोलून नव्या पोत्याची मागणी घाला.