संगीत नाटक ते सोंगाड्या : मराठीच्या प्राध्यापकाचे अनुभव

मराठीत एम.ए. झालेल्यांना पीएच.डी.साठी बहुधा कादंबरी नाहीतर कविता सुचवली जाते. मी आरंभकाळातलं नाटक घेतलं आणि पुढे लोकप्रिय सिनेमा शिकवू लागलो. या वाटेने येणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

पहिली अडचण संहितेची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. तेव्हाच्या खेळांत सूत्रधार पदं गायचा आणि नट बरेचसे संवाद पदरचे घालायचे. म्हणजे अभ्यासाला पदं मिळतात, खेळ मिळत नाही. तो जाहिराती, हस्तपत्रकं, नटांच्या आठवणी, संस्थानी दप्तरं यांतून जुळवत बसावा लागतो. त्यासाठी मोडी शिकाच. सरकारी कागदही सोडू नका. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० मध्ये ब्रिटिश सरकारची बंदी आली. नाटक सरकारला नेमकं कुठे झोंबलं, हे अशा प्रकरणांत समीक्षकांपेक्षा अधिकारीच बारकाईने सांगतात, असं माझं मत आहे.

सिनेमाकडे वळलो तेव्हा ही सवय कामी आली, कारण माणसं तीच होती. 'मानापमान' या संगीत नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' चित्रपटात हरिश्चंद्र झाले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस १९३६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम'मध्ये तुकाराम झाले. पागनीसांचं गाणं आणि चेहरा वर्गात दाखवून मगच संगीत नाटक शिकवायला घ्या, मुलं ऐकतात.

दादा कोंडक्यांचं नाव काढलं की विभागात काही भुवया अजूनही उंचावतात. उंचावू द्या. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा ताज्या घडामोडींवर ऐनवेळी कोट्या करायचे. ती हजरजबाबी बतावणी १९७१ च्या 'सोंगाड्या'त, पक्क्या पटकथेत, कशी बसवली गेली? पटकथाही सबनीसांचीच, त्यामुळे तुलना थेट करता येते. हा विषय मला कुठल्याही 'प्रतिष्ठित' कादंबरीइतकाच कसदार वाटतो. मात्र कथानक सांगून पानं भरू नका. विनोद कोणत्या क्षणी पडतो, कॅमेरा तेव्हा कुठे असतो, हे लिहा. ही नजर नुसत्या वाचनाने येत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम जमला तर करा. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत, त्या जरूर चाळा.

आता पोटापाण्याचं. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा आधी उरकून घ्या. सुरुवातीला तासिका तत्त्वावर शिकवावं लागेल, आणि तिथे व्याकरणापासून संतसाहित्यापर्यंत जे वाट्याला येईल ते शिकवायची तयारी हवी. नोकरीच्या मुलाखतीत सिनेमाचा उल्लेख दडवू नका, पण आधी नाटकाबद्दल बोला. पीएच.डी.ला विषय छोटा घ्या : एक कंपनी, एक गाव, दहा वर्षं. 'मराठी नाटक आणि चित्रपट : एक अभ्यास' असलं काही घेऊन आलात तर मी तरी मार्गदर्शक होणार नाही.