मसल कारचे मागचे पाटे बदलताय? या चुका टाळा

जुन्या मसल कारची (साठ-सत्तरच्या दशकातली दमदार इंजिनाची अमेरिकी गाडी) मागची बाजू बसली की बहुतेक जण थेट ‘दोन इंच उंच’ पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) मागवून मोकळे होतात. उंची डोळ्यांना दिसते, म्हणून निवडही तिच्यावरच होते. पण या गाड्यांत पाट्याला दोन कामं असतात: वजन पेलायचं आणि मागचा अ‍ॅक्सल (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आस) जागेवर धरायचा. दुसऱ्या कामाला पाट्याशिवाय दुसरं कोणी नाही.

आधी गाडीखाली वाकून मात्र बघा. १९६४ ते १९७२च्या शेव्हेलला (शेव्हरलेची मसल कार) मागे कॉइल स्प्रिंग (गुंडाळीच्या स्प्रिंग) आहेत. पाटे त्या काळच्या कमॅरो, मस्टँग, चार्जर, चॅलेंजर यांना.

आता खरी भानगड. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की चाकं पुढे फिरतात आणि अ‍ॅक्सलचं कवच उलट्या दिशेला पिळलं जातं. पिनियनचं (इंजिनाचा जोर अ‍ॅक्सलला देणारं दातेरी चाक) नाक वर उठतं, पाट्याचा इंग्रजी ‘एस’ होतो, मग तो झटक्यात सरळ होतो, पुन्हा पिळतो. चाक रस्त्यावर धडधड उड्या मारतं. १९६७च्या कमॅरोला सरसकट एकाच पट्टीचा पाटा होता आणि मोठ्या इंजिनांपुढे तो तोकडा पडला. १९६८ला शेव्हरलेनं दमदार मॉडेलना अनेक पट्ट्यांचे पाटे दिले, शिवाय एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे नेला.

म्हणून चाक उडतंय म्हणून नुसत्या पट्ट्या वाढवू नका. गाडी ट्रकसारखी आदळेल. हा पीळ झेलतो तो मुख्यतः पाट्याचा पुढचा भाग. क्रायस्लरच्या पाट्यांत अ‍ॅक्सल मधोमध नसतोच: पुढचा भाग आखूड आणि ताठ, मागचा लांब आणि मऊ. पाटे घेताना पुढच्या भागाचा ताठपणा विचारा.

क्रायस्लरच्याच काही दमदार गाड्यांत डाव्या-उजव्या पाट्यांच्या पट्ट्या सारख्या नसतात. माझ्याकडे अशी जोडी आली तेव्हा चुकीचा माल पाठवला म्हणून मी भांडायच्या तयारीत होतो. पण जोर लावताना इंजिनाच्या पिळानं उजवं मागचं चाक हलकं होतं, त्यावरचा तो उपाय. अदलाबदल करू नका.

दुसरी चूक मी स्वतः केलेली. गाडी स्टँडवर, अ‍ॅक्सल लोंबकळतोय, आणि मी शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक गाडीला टांगणारी कडी) नि पुढच्या आयबोल्टचे (पाट्याचं पुढचं टोक धरणारा बोल्ट) नट करकचून आवळले. खाली उतरवली तर मागची बाजू दीड इंच वर. पाटेच चुकीचे आले, असं वाटून रात्रभर झोप नाही. दोष बुशचा (पाट्याच्या टोकांत बसणारी रबरी नळी) होता: लोंबकळत्या स्थितीत आवळल्यानं रबर पिळून गाडीला वर ढकलत होतं. तसंच ठेवलं तर रबर लवकर फाटतं. चारही चाकं जमिनीवर टेकवून नट सैल केले, डिकीवर चार-सहा दणके दिले, मग आवळले. गाडी जागेवर आली.

बसलेल्या पाट्यांवर हवेचे शॉक लावून उंची आणणं हा आळशीपणा. शॉकच्या माउंटवर एवढं वजन टाकायचं नसतं. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे जुने यू-बोल्टही परत लावू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात.

नव्या पाट्यांनंतर गाडी सुटताना एकच ‘टक्’ येत असेल तर पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीच्या भोकात नीट बसलंय का पाहा. वेगात थरथर येत असेल तर पिनियनचा कोन मोजा. उंची बदलली की तोही बदलतो.