अहिराणी पिक्चर टेलिग्रामवर फुटला? रिपोर्ट करण्याआधी पुरावा घ्या

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अहिराणी पिक्चर काढणारे घाईत एकच चूक करतात. चोरीची लिंक दिसली की लगेच ‘रिपोर्ट’ दाबतात. लिंक उडते आणि पोलिस ठाण्यात दाखवायला हाती काही उरत नाही.

आधी संगणकावर स्क्रीन रेकॉर्डिंग लावा. पत्ता टाइप करण्यापासून सुरुवात करा. चॅनेलचं नाव, सदस्यसंख्या, पोस्टची तारीख-वेळ आणि पिक्चरची दोन-तीन मिनिटं सलग येऊ द्या. चॅनेलचं नाव रातोरात बदलतं, म्हणून त्या पोस्टचीच लिंक कॉपी करून ठेवा. रेकॉर्डिंगचा हॅश (फाईलचा डिजिटल ठसा) काढा आणि मूळ फाईलला पुन्हा हात लावू नका. एक सेकंद कापला तरी हॅश बदलतो. असा डिजिटल पुरावा द्यायला कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं: भाग ‘अ’ तुमचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा.

मग प्लॅटफॉर्मला कॉपीराइट नियम 2013 च्या नियम 75 प्रमाणे लेखी नोटीस द्या. मालकीचा पुरावा, नेमकी लिंक आणि दावा लावण्याची हमी तिच्यात हवीच. 36 तासांत मजकूर बंद व्हायला हवा, पण तो 21 दिवसांपुरताच. तेवढ्यात कोर्टाचा आदेश दिला नाही, तर लिंक पुन्हा सुरू होऊ शकते. त्यामुळे वकील आधी गाठा. मुंबईला धावायची गरज नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 मुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र असेल तर चोरीच्या तक्रारींसाठी माहिती-प्रसारण मंत्रालय आणि सेन्सॉर बोर्डात नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडेही तक्रार करा. त्यांचा आदेश मिळाल्यावर प्लॅटफॉर्मला 48 तास मिळतात. पोलिसांनी ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल दाखवा: कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खालचा गुन्हा दखलपात्र (पोलिस थेट नोंदवू शकतात असा) आणि अजामीनपात्र आहे. थिएटरात कॅमेरा लावून पिक्चर चोरणाऱ्याला सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनं किमान 3 महिने कैद आणि 3 लाख दंड आहे.

तक्रारीची बातमी फुटली की कमेंट येतातच: ‘फुकटमा दखं ते काय व्हयनं?’ (फुकटात पाहिला तर काय झालं?) प्रेक्षकाला कोर्टाची धमकी देऊ नका. आपल्या गावात पिक्चर लागलाच नाही, ही त्याची तक्रार बऱ्याचदा खरी असते. त्याच कमेंटखाली अधिकृत लिंक आणि पुढच्या खेळाचं ठिकाण टाका.

पुढच्या वेळी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर कोपऱ्यात वेगळा क्रमांक टाका, म्हणजे कुणाच्या हातून फुटला ते कळेल.