‘वसाहत’ लिहू की ‘गाव’?

तळोदा तालुक्यात आमच्या घरापासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर नर्मदा विस्थापितांची एक वसाहत आहे. तिथली दोन-तीन मुलं शाळेत माझ्या वर्गात होती. त्यांच्या घरांना आम्ही सगळे ‘वसाहत’ म्हणायचो. ती मुलं ‘गाव’ म्हणायची, पण त्यांचं गाव म्हणजे ही पत्र्यांची रांग नव्हे. त्यांचं गाव पाण्याखाली होतं.

मराठी विकिपीडियावर मी पहिला लेख लिहायला घेतला तो याच वसाहतीवर. दोन ओळींतच मी लिहून टाकलं, ‘शासनाने या आदिवासींना डोंगरातून हुसकावून इथे आणून टाकले.’ दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिथे वाक्य होतं, ‘शासनाने या विस्थापितांचे यशस्वी पुनर्वसन केले.’ मी ते उलटवलं, म्हणजे खोडून आधीचं परत आणलं. समोरच्या संपादकाने परत उलटवलं. असं चार वेळा झाल्यावर चर्चा पानावर एक जुने संपादक आले. जळगावचे, निवृत्त, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांनी एवढंच विचारलं, “‘हुसकावून’ कोणाचा शब्द? ‘यशस्वी’ कोणाचा?” मी तावातावाने लिहिलं की मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आप्पांचं उत्तर, “तुमचे डोळे संदर्भ म्हणून कसे टाकायचे, भाऊ?”

राग आला होता. पण विकिपीडियाचा लेख तटस्थ असावा लागतो, म्हणून त्या रात्री आप्पांच्या सांगण्यावरून मी लेख धूळपाटीत, म्हणजे सरावाच्या पानावर, नेला आणि नव्याने लिहिला. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं येतात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९चा. पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन द्यावी आणि पुनर्वसन बुडिताच्या आधी पुरं व्हावं, असं त्यात म्हटलं आहे. ते प्रत्यक्षात किती झालं, यावर शासन एक सांगतं आणि नर्मदा बचाव आंदोलन दुसरं. दोघांची विधानं त्यांच्या-त्यांच्या नावावर, तारखेसह. माझं विशेषण गेलं, समोरच्याचंही गेलं. वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की ‘२ हेक्टर’ आणि ‘बुडिताच्या आधी’ हे शब्द ‘हुसकावून’पेक्षा जास्त बोलतात. वाचणारा पुढचा प्रश्न आपणच विचारतो.

वर्गातल्या त्या मुलांपैकी एका मित्राला मी हा ‘तटस्थ’ लेख मोबाइलवर दाखवला. तो म्हणाला, “तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला ना? आमचा तर काठच बुडाला.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्याने संपादनाला बसणाऱ्याने हे वाक्य ऐकलेलं असावं, म्हणून इथे लिहिलं.

आता कामाचं बोलू. नवे लोक विचारतात, तटस्थ शब्द कोणता? असा शब्द बहुतेक वेळा नसतोच. कोण म्हणतं, कधी म्हणालं, कशाच्या आधारावर, हे लिहिलं की अर्धं भांडण मिटतं. बाकीचं अर्धं आपल्या मराठीच्या सवयींत लपलेलं असतं. आपली सगळ्यात मोठी सवय म्हणजे ‘-ण्यात आले’. ‘घरे पाडण्यात आली’, ‘जमीन संपादित करण्यात आली’. कोणी पाडली, कोणी घेतली? कर्ता गायब. वृत्तपत्रांनी आणि शासकीय पत्रांनी ही सवय आपल्याला इतकी लावली आहे की ती पक्षपाती वाटतच नाही. माझा नियम असा, की वादाच्या लेखात ‘-ण्यात आले’ दिसलं की थांबायचं आणि कर्ता शोधायचा. संदर्भात मिळाला तर लिहायचा.

दुसरी खोड आदरार्थी बहुवचनाची. एका बाजूचे नेते ‘म्हणाले’ आणि दुसऱ्या बाजूचा नेता ‘म्हणाला’, असा लेख मी स्वतः लिहिला होता आणि मला कळलंही नव्हतं. क्रियापदांचंही तसंच. ‘मान्य केले’ लिहिलं की ती गोष्ट खरी होती आणि माणूस लपवत होता, असा अर्थ चिकटतो. ‘दावा केला’ म्हटलं की शंका चिकटते. ‘म्हटले’, ‘सांगितले’ हे कंटाळवाणे शब्द आहेत, आणि कंटाळवाणे आहेत म्हणूनच चांगले. ‘तथाकथित’, ‘दुर्दैवाने’, ‘आपल्या देशाने’ यांबद्दल वेगळं सांगायला नको.

पुढे आप्पांनी मला वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतींचे लेख तपासायला दिले, तिथे माझी खरी परीक्षा झाली. एरियलचं उदाहरण घ्या. एकाने लिहिलं होतं, ‘एरियल हे इस्रायलमधील शहर आहे.’ दुसऱ्याने, ‘एरियल ही पॅलेस्टाइनची जमीन बळकावून उभारलेली वसाहत आहे.’ मला वाटलं, मधलं काही तरी लिहावं. म्हणून मी ‘वादग्रस्त भागातील’ असं लिहिलं आणि खूश झालो.

आणि तिथेच घसरलो. १९६७च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक ताब्यात घेतला. तेव्हापासून हा प्रदेश ‘व्याप्त’ (दुसऱ्याच्या लष्करी ताब्यातला) की ‘वादग्रस्त’ हाच तर भांडणाचा एक मुद्दा आहे. ‘वादग्रस्त’ ही इस्रायल सरकारची भूमिका. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४च्या सल्लागार मतात त्याला ‘व्याप्त’ म्हटलं. म्हणजे जो शब्द मला सगळ्यात सोवळा वाटला, तो एका पक्षाच्या घरातून आलेला होता. वेस्ट बँकचं ‘ज्यूडिया आणि समारिया’ हे नावही तसंच. इस्रायली प्रशासन ते वापरतं, हे लेखात जरूर सांगावं, पण लेखाने स्वतःच्या तोंडी घेऊ नये.

शेवटी उरलं ते असं: ‘एरियल ही वेस्ट बँकमधील इस्रायली वसाहत असून तिची स्थापना १९७८ साली झाली. आंतरराष्ट्रीय समुदाय वेस्ट बँकमधील इस्रायली वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार बेकायदा मानतो. इस्रायल सरकारला हे मान्य नाही.’ इस्रायलने एरियलला १९९८मध्ये शहराचा दर्जा दिला, ही माहिती पुढे येते, दर्जा कोणी दिला त्याच्यासकट. ‘बेकायदा’ हा शब्दही नुसता सोडायचा नाही. कोणाच्या कायद्याने? काही चौक्यावजा वस्त्या तर इस्रायल सरकारच्या परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या आहेत. त्या इस्रायलच्याच कायद्यात बसत नाहीत. दोन्हींना एकच ‘बेकायदा’ लावला की वाचकाचा गोंधळ होतो.

इथे एक उलटी चूकही होते. तटस्थ व्हायचं म्हणून माणूस तराजूची दोन्ही पारडी जबरदस्तीने सारखी करतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा या वसाहतींविरुद्धचा ठराव २३३४ डिसेंबर २०१६मध्ये १४ विरुद्ध ० मतांनी झाला, अमेरिका तटस्थ राहिली. अशा वेळी ‘काहींच्या मते वसाहती बेकायदा, तर काहींच्या मते नाहीत’ असं लिहिणं सभ्य दिसतं, पण ते खरं नाही. कोणाच्या मागे किती जण आहेत हेही वाचकाला कळलं पाहिजे.

इंग्रजी विकिपीडियावर इस्रायल-पॅलेस्टाइनच्या विषयात हात घालायचा असेल तर खातं किमान ३० दिवस जुनं आणि ५०० संपादनं झालेली लागतात. नव्यांना हे अपमानास्पद वाटतं. मला वाटतं, ठीक आहे. तोवर आपल्या तालुक्यातल्या शाळा, नद्या, बाजार लिहा, हात बसतो.

बेळगावचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मराठी माणसाचा तोल सगळ्यात लवकर जातो. मराठीत ‘बेळगाव’ लिहिणं पक्षपात नाही, ते मराठी नाव आहे. कर्नाटकने १ नोव्हेंबर २०१४ला अधिकृत नाव बेळगावी केलं हे सोबत सांगावं. ‘कर्नाटकव्याप्त’ मात्र कोणाच्या तरी अवतरणातच यावं. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, तो महाराष्ट्राने नाकारला, २००४मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढं सरळ लिहिता आलं की झालं.

आणि आपल्या खानदेशचं? १९६०च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. एका लेखात ती ‘गुजरातने गिळंकृत केलेली गावे’ होती. लिहिणारा बहुतेक कधी नवापूर स्टेशनवर बसला नसावा. तिथला एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, नि लोक त्यावर शेंगा खात गाडीची वाट बघतात. मी ‘गिळंकृत’ काढून कायद्याचं नाव आणि साल टाकलं. कोणी उलटवलं नाही.

परवा अलीकडील बदल पाहत होतो. माझ्या त्या पहिल्या लेखात कोणीतरी ‘वसाहत’ खोडून सगळीकडे ‘गाव’ केलं होतं. संपादन सारांशात लिहिलं होतं, ‘आम्ही आता गावच म्हणतो.’ खातं नवं होतं, पहिलंच संपादन. उलटवण्याचं बटण समोर होतं. मी चर्चा पान उघडलं आणि विचारलं, महसुली गावाचा दर्जा मिळाल्याची अधिसूचना आपल्याकडे आहे का? असेल तर तारीख द्या, मीच संदर्भ जोडतो. तोवर ‘गाव’ तसंच ठेवलंय. उत्तराची वाट पाहतोय.